सव्वापाचची भरती

आसेगावात नवीन आलेला माणूस सरांच्या घरापुढून गेला की हमखास थांबतो. ओट्याच्या भिंतीला शाळेतला एक जुना फळा टांगलेला आहे आणि त्यावर खडूनं रोज नवा आकडा. आज ‘पाणी फिरते ११.०५’, उद्या ‘पाणी फिरते ११.५०’. खाली कोकणातल्या एका गावाचं नाव. आमच्या वाशीम जिल्ह्यातून समुद्र गाठायचा म्हणजे जीपनं एक आख्खा दिवस जाऊन वर दुसरा मोडतो. आणि हा गृहस्थ रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेला पायजमा घालून, त्या गावची ओहोटी संपून पाणी उलट कधी फिरणार ते आसेगावच्या लोकांना सांगतो. बारा वर्षं झाली. एक दिवस चुकला नाही.

सुरुवातीला लोकांना तो मटक्याचा आकडा वाटला. पानठेल्यावरचा एक रिकामटेकडा रोज येऊन उतरवून न्यायचा. एकदा त्याचा आकडा लागला, तर पेढे घेऊन सरांच्या पाया पडायला आला बिचारा. ते ठाण्यापर्यंत गेलं आणि एक जमादार चौकशीला आले. सरांनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं आणि तासभर चंद्र-सूर्य-पृथ्वी समजावून सांगितली. जमादार घाम पुसत उठले. मी समोरूनच शाळेतून येत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, मास्तरचं डोकं सरकलं काय हो मॅडम? मी म्हटलं, नाही, ते पहिल्यापासून असंच आहे.

खरं म्हणजे मी खोटं बोलले. पहिल्यापासून ते असे नव्हते. वेगळ्या तऱ्हेनं विक्षिप्त होते.

मी मूळची कामरगावची. आसेगावच्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा सर भूगोलाचे सगळ्यांत जुने शिक्षक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी हजेरीपटावरची सही खोडली, कारण मी सात वाजून तीन मिनिटांनी आले आणि सात लिहिले. मी तशी तोंडाळ बाई. म्हटलं, तीन मिनिटांनी काय पृथ्वी फिरायची थांबते? त्यावर सर शांतपणे म्हणाले, “थांबत नाही, म्हणूनच.” त्या दिवसापासून आमचं भांडण सुरू झालं आणि त्या भांडणातूनच जमलं.

छापलेल्या वेळेवर त्यांचा देवासारखा विश्वास. एसटीचं सगळं वेळापत्रक त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून स्टाफरूमच्या भिंतीला चिकटवलं होतं. अक्षराचं तर विचारूच नका. फळ्यावरचं माझं वळण त्यांना पाहवायचं नाही. माझा तास संपला की ते आत येऊन माझे ‘ळ’ दुरुस्त करून मग पुसत. संध्याकाळी घड्याळ घेऊन थांब्यावर उभे राहायचे. एकदा मंगरुळपीरची सव्वापाचची गाडी चार मिनिटं आधी निघाली तर हे सरळ गाडीपुढं जाऊन उभे. कंडक्टरनं आईबहीण काढली. सर हलले नाहीत. तेवढ्यात डोक्यावर बोचकं घेतलेली एक म्हातारी धापा टाकत आली आणि चढली. बरोबर सव्वापाचला सर बाजूला झाले. मला म्हणाले, “पाहिलंत? ती बाई छापलेल्या वेळेवर विसंबून घरून निघाली होती. विसंबणाऱ्याला फसवायचं नसतं.” हे वाक्य मला पुढं फार वेळा आठवलं.

दुसरं वेड दीपगृहाचं. लाइट हाऊस म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. कोणत्या तरी कॅलेंडरवरचं एका जुन्या इंग्रजी अमदानीतल्या दीपगृहाचं चित्र त्यांनी कपाटाच्या दाराला आतून लावलं होतं. दार उघडून खडू घेताना ते रोज एकदा पाहायचे. पाचवीतल्या प्रत्येक नव्या पोराला त्यांचा एकच प्रश्न, दीपगृह कशासाठी असतं? पोरं सांगायची, जहाजाला रस्ता दाखवायला. सर मान हलवायचे. “दिवा बोलवायला नसतो, बाळ. इकडे येऊ नका, खडक आहे, हे सांगायला असतो.” दर वर्षी सहलीच्या बैठकीत ते दीपगृह सुचवत, मुख्याध्यापक वहीत ‘विचारार्थ’ लिहीत, आणि सहल लोणारला जाई. अख्ख्या नोकरीत या माणसानं भरती-ओहोटीचा पाठ दर वर्षी शिकवला आणि समुद्र काही पाहिला नाही.

काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, या सगळ्याचं काही कौतुक नव्हतं. माहेरही बागायती माळ्याचं, सासरही. गावाला लागून त्यांचं दीड एकर. वांगी, मेथी, पालक, आणि आमच्याकडं सांभार म्हणतात ती कोथिंबीर. पहाटे उठून काकू दांड, म्हणजे पाण्याचे पाट, फोडायच्या, वाफ्यावाफ्यात पाणी फिरवायच्या आणि सातच्या आत भाजी बाजाराला लावायच्या. पाणी कुठून वळतं, कुठं मुरतं, कुठं दांड फुटेल, हे त्या नुसत्या मातीचा रंग पाहून सांगायच्या. मी शाळेत जाताना हाक मारून पदराखालून सांभाराची जुडी द्यायच्या. सर पुस्तकी बोलायचे, काकू आपल्या बोलीत. घरात दोन भाषा नांदायच्या. सर त्यांच्या डोक्यात चंद्राची ओढ घालायला जायचे तर काकू म्हणायच्या, चंद्र वढते तं वढू द्या, मोटारीचं बटन तेवढं दाबा.

सर निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळाची तयारी झाली होती. सरांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, शाल नको, मला दीपगृह दाखवा. हो हो म्हणत दहा जण तयार झाले आणि दिवाळीची सुटी लागली तसे एकेक गळाले. कोणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन, कोणाची सोयाबीन मळायची. उरले मी. तेव्हा मी एकटी, मोकळी. गावातल्याच एका ड्रायव्हरची जीप घेतली आणि सर, काकू आणि मी असे तिघं निघालो. त्या गावाचं नाव इथं सांगत नाही. सांगून काय करायचं?

दीपगृह किनाऱ्यापासून आत, एका खडकाच्या बेटावर. मधे काळ्या कातळाची वाट. ओहोटीला उघडी पडते, भरतीला बुडते. किनाऱ्यावर एका झापाच्या टपरीपाशी पाटी होती, त्यावर खडूनं लिहिलेलं होतं, ‘आज भरती ५.१५’. सरांनी ती वाचली, घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “सव्वापाच,” ते मला म्हणाले, “आपल्या मंगरुळपीरच्या गाडीची वेळ.” टपरीवाल्या बाईनं शहाळं सोलता सोलता सांगितलं, लवकर परता हो. सर म्हणाले, आम्ही चारलाच निघू. बाई काहीतरी बोलणार होती, पण तिच्याकडं दुसरं गिऱ्हाईक आलं. ड्रायव्हर जीपमध्येच झोपला. बारा वाजता आम्ही कोरड्या पायांनी पलीकडं गेलो.

मी कोणाला दोष देऊ शकत नाही. दीपगृहाच्या माणसानं वर नेलं, सगळं दाखवलं. गोल दगडी जिना, मधोमध लोंबणारा दोर, आणि सगळ्यांत वर माणसाएवढं काचेचं भिंग. भोवती जाड पडदे ओढलेले. दिवसा पडदे का, असं सरांनी विचारलं तर तो म्हणाला, ऊन या काचेतून गेलं तर समोरचं काहीही पेटेल. दिवा रात्री वाचवतो, दिवसा त्यालाच झाकून ठेवावं लागतं. सरांनी पडद्याआड हात घालून त्या काचेला बोटं लावली आणि हसले. इतक्या वर्षांत त्यांना दात दिसेपर्यंत हसताना मी तेव्हाच पाहिलं. मग प्रश्नांवर प्रश्न. भिंग कुठून आलं, तेल कधी होतं, वीज कधी आली. तो माणूसही खूश. शेवटी त्याला पलीकडच्या बाजूचा कठडा रंगवायचा होता. जाताना त्यानं बजावलं, दीडच्या आत निघा. सर मान डोलावून मला म्हणाले, हा आपला सावधगिरीनं सांगतो. पाटीवर लिहिलंय ना.

आम्ही खाली येऊन कठड्याच्या सावलीत डबा उघडला. भाकरी, भरीत, तिळाची चटणी. काकू समुद्राकडं पाहत म्हणाल्या, “एवढं पानी, अन् एका वाफ्याच्या कामाचं नाई.” आम्ही हसलो. मी मोबाइल काढून फोटो काढायला लागले. सर वहीत दीपगृहाचं चित्र काढत बसले.

दीड झाला असेल. काकू कातळाच्या कडेला जाऊन उकिडव्या बसल्या होत्या. वाफ्याच्या बांधावर बसायच्या तशा. मग उठून सरांपाशी गेल्या, आणि तिथून माझ्याकडं आल्या. हळूच म्हणाल्या,

“बाई, तुमच्या मोबाइलमंदी पाहाले येते काय वो, पानी कवा येते ते? या भेगाइतून दांडानं चढून राह्यलं.”

मी वर पाहिलंसुद्धा नाही. मोबाइलला रेंज नव्हती, तेही सांगितलं नाही. म्हटलं, “सर आहेत ना काकू. सरांनी वेळ पाहिली आहे.”

त्या वळल्या. डबे पिशवीत भरले. परत कडेला जाऊन बसल्या. सव्वादोन-अडीचला एकदम उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाल्या, तुमी या सव्वापाचले, मी निघाली. तेव्हा आम्ही दोघा मास्तरांनी माना वर केल्या. वाटेचा मधला भाग दिसत नव्हता.

सर म्हणाले, गुडघाभर आहे, काही होत नाही. आमच्याकडं नाल्याचं गुडघाभर पाणी म्हणजे गुडघाभरच असतं. एका बाजूनं येतं, दुसऱ्या बाजूला जातं. तिथं दोन्हीकडून येत होतं. काकू पुढं, मधे सर, मागं मी. खोलगट जागी पाणी कमरेला लागलं आणि काकूंचा पाय सुटला. सरांनी हात टाकला, त्यांच्या हाती डब्याची पिशवी आली. त्यापुढचं मला नीट आठवत नाही आणि जे आठवतं ते लिहायचं नाही. ड्रायव्हर जागा झाला होता. त्याच्या ओरडण्यानं कोळी होडी घेऊन आले आणि त्यांनी आम्हा दोघांना ओढून घेतलं.

होडीत सरांच्या हातात ती पिशवी तशीच होती. त्यांनी घड्याळ पाहिलं. घड्याळ चालू होतं. एका म्हाताऱ्या कोळ्याला ते अगदी विद्यार्थ्याला विचारावं तसे म्हणाले, अजून अडीच तास आहेत, सव्वापाचची आहे ना? म्हातारा वल्हं मारायचा थांबला. त्याला प्रश्नच कळला नाही आधी. मग म्हणाला, मास्तर, सव्वापाचला ती पूर्ण भरते. यायला लागते ती अकरापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला काकू सापडल्या. त्याच वाटेच्या कडेला, जिथं आम्ही कोरडे चालत गेलो होतो.

पंचनाम्यात सर एवढंच बोलले, चूक माझी. मी बोलले, अचानक पाणी आलं. अचानक! काकू तासभर आधी सांगत होत्या आणि मी पोलिसाला सांगते अचानक. सरांची एकुलती एक लेक अकोल्याला दिली आहे. तिनं तेराव्याला सगळ्यांसमोर बापाला विचारलं, एवढं शिकवलं जगाला, अन् माह्या मायले पान्यात घालून आले? त्यानंतर ती आसेगावात पाय ठेवत नाही. मी तिथंच, पाटावर बसलेल्या बायकांत होते. माझ्या ओठांवर आलं होतं, की तुझ्या आईनं मला विचारलं होतं. मी पाण्याचा पेला उचलून पाणी प्यायले.

सरांनी मग फळा लावला. एसटीच्या वेळा सोडल्या, घड्याळ लेकीच्या पोरासाठी पाठवून दिलं, ते परत आलं. पुस्तकी बोलणंही सुटलं. आता ते काकूंसारखंच बोलतात, आणि जिथं अडतं तिथं गप्प बसतात. भाजीचं वावर मक्त्यानं दिलं नाही. स्वतः दांड फोडतात, पण चुकीच्या ठिकाणी फोडतात, आणि वांगी पिवळी पडतात. फळ्यावर भरतीची वेळ ते कधीच लिहीत नाहीत. पाणी फिरण्याची लिहितात. कोणी वाचो न वाचो. आमच्या गावातली पोरं पुण्या-मुंबईला कामाला जातात, त्यातलं एखादं समुद्रावर गेलं तर, म्हणून. मी एकदा म्हटलं होतं, सर, कशाला हे, लोक हसतात. ते म्हणाले, “हसू द्या. एवढी वर्सं मी पोराइले गाडीची वेळच शिकवली, पानी कवा फिरते ते नाई.”

मीही त्या फळ्यापुढून बारा वर्षं जात-येत राहिले. पुढं माझं लग्न झालं, पोर झालं, मी पर्यवेक्षिका झाले. रोज सकाळी तो आकडा वाचायचा आणि मान खाली घालून शाळेत जायचं. एक गोष्ट मला कुरतडत राहिली. नवरा शेजारी बसलेला असताना काकूंनी मला का विचारलं? मला वाटायचं, त्यांचा सरांवरचा विश्वास त्या क्षणी उडाला होता आणि शेवटची आशा म्हणून त्या माझ्याकडं आल्या. आणि मी त्यांना परत सरांच्याच हवाली केलं.

यंदा नवे मुख्याध्यापक आले. हुरूप भारी. सहलीची यादी काढली, कोकण, तीन मुक्काम, आणि त्यात तेच गाव, तेच दीपगृह. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. मुलींसोबत बाई म्हणून माझं नाव. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांकडं गेले. ते ओट्यावर फळा पुसत होते. म्हटलं, सर, सहल तिथं चालली आहे, आणि मी जाणार नाही.

“काहून?”

आणि मग मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. काकू उकिडव्या बसल्या होत्या ते, दांडानं चढून राह्यलं म्हणाल्या ते, मोबाइल, रेंज, मी मान वर केली नाही ते, सगळं. पंचनाम्यातलं खोटं आणि तेराव्याचा पाण्याचा पेलाही. म्हटलं, तुमच्या लेकीला मी जाऊन सांगते. बारा वर्षं तुम्ही एकट्यानं बोल खाल्ले, निम्मे माझे होते. रडू येत होतं आणि राग येत होता, स्वतःचाच.

सर ओला कपडा पिळत राहिले. पाणी संपलं तरी पिळत राहिले.

“मले माहीत हाये,” ते म्हणाले.

मी म्हटलं, कसं काय?

“तिनं आधी मलेच इचारलं. मी चित्र काढून राह्यलो होतो. म्हटलं, पाटीवर वेळ हाये, अन् नसन पटत तं जाय, मॅडमले इचार, त्याइच्या मोबाइलात असन. म्या धाडलं तिले तुमच्याकडं.”

मी खाली बसले. म्हणजे काकू कोणावरचा विश्वास उडाला म्हणून आल्या नव्हत्या. नवऱ्यानं पाठवलं म्हणून आल्या होत्या, आणि मी परत पाठवलं. पाणी कळत होतं ते एकट्या त्यांना. आणि त्यांना आम्ही दोघा शिकलेल्यांनी इकडून तिकडं नाचवलं. बारा वर्षं मला वाटत होतं की हे फक्त मला ठाऊक आहे. आणि बारा वर्षं सरांना ठाऊक होतं, माझ्या वाटचंही. रोज मी फळ्यापुढून जाताना ते ओट्यावरून मला ‘या मॅडम’ म्हणत होते.

लेकीचं मी पुन्हा काढलं तर त्यांनी हातानंच थांबवलं. म्हणाले, “नका सांगू तिले. एकाचाच राग करनं सोपं असते. दोघाइचा करा लागला तं थकून जाईन ते.”

समोरून एक जण सायकलवर भाजीची पाटी घेऊन गेला. सर म्हणाले, सहलीले जा तुमी. पोट्ट्या इचारतीन, पानी वाढलं काय म्हनून. इचारलं का उठा. मी आहे ना, असं म्हनू नका. तिच्यासंगं जाऊन पानी पाहा.

मी हो म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे, म्हणून पुन्हा म्हटलं.

फळा वाळला होता. सरांनी सदऱ्याच्या खिशातून खडू काढला, फळ्याकडं वळले आणि थांबले. मग तो खडू त्यांनी माझ्यापुढं धरला.

“आज तुमी लिवा,” म्हणाले. “अकरा पाच.”

मी उठून लिहिलं. पाणी फिरते, अकरा पाच. खाली गावाचं नाव. बारा वर्षांत मी ते नाव पहिल्यांदा हातानं लिहीत होते. ओळ वाकडी गेली, ‘पाणी’चा काना लांबला. मी सरांकडं पाहिलं. त्यांनी कपडा उचलला नाही.